शुल्कमाफी असताना शेत गहाण ठेवावे का?

हिंगोली जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. त्यांची थोरली मुलगी बारावीला ८४ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली, सीईटीतही तिला बरे गुण पडले आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात त्या फेरीतून, पुण्यातील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात तिला संगणक शाखा मिळाली. कुटुंब कुणबी, म्हणजे इतर मागास प्रवर्गातील आहे आणि तहसीलच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न सव्वा लाख रुपये आहे. महाविद्यालयाच्या खिडकीवर मात्र त्यांना असे सांगण्यात आले, की आधी पूर्ण शुल्क भरा, शासनाचे पैसे आले की परत करू. एकूण आकडा १,३४,००० रुपये, त्यातील १,२०,००० शिक्षण शुल्क आणि १४,००० विकास शुल्क. गावातील एक गृहस्थ शेत गहाण घेऊन शेकडा तीनने पैसे द्यायला तयार आहेत. मुलगी म्हणते, ‘बाबा, मी इथेच जवळ बीएस्सी करते.’ धाकटा मुलगा बारावीला आहे आणि त्यालाही पुढच्या वर्षी अभियांत्रिकीलाच जायचे आहे. वडिलांचा प्रश्न एका ओळीचा आहे : शेत गहाण ठेवू का?

आदरणीय दादा,

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. शिक्षण शुल्कासाठी शेत गहाण ठेवू नका. आपल्या मुलीच्या बाबतीत ते १,२०,००० रुपये आपण भरावेत अशी शासनाचीच अपेक्षा नाही, मग त्यासाठी कर्ज काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शेकडा तीन म्हणजे दरमहा ३,६०० रुपये, वर्षाला ४३,२०० रुपये नुसते व्याज. शासनाकडून महाविद्यालयाला पैसे मिळायला वर्ष लागले, तर महाविद्यालय आपल्याला मूळ रक्कम परत करील. व्याज कुणीही परत करणार नाही. शिवाय ज्या गृहस्थांकडून आपण पैसे घेणार आहात त्यांच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हेही पत्रात नाही. नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार तो व्यवहारच बेकायदा ठरतो, आणि अशा व्यवहारात गेलेली जमीन सोडवून घेण्यासाठी पुढे जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. मुलीच्या पहिल्या वर्षासाठी एवढे ओझे घेण्याचे काहीच कारण नाही.

आता मुलीचा हक्क नेमका काय आहे ते पाहू. इतर मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्वी निम्मे शिक्षण शुल्क माफ होत असे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ही सवलत शंभर टक्के झाली आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती लागू आहे. अट अशी, की आई आणि वडील दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे, मुलगी महाराष्ट्राची रहिवासी असावी आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा तिन्ही प्रकारच्या महाविद्यालयांना ही सवलत लागू आहे. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित खासगी विद्यापीठे मात्र तीतून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावरच्या फेरीतून घेतलेल्या प्रवेशालाही ती मिळत नाही. ‘मुलींना शिक्षण मोफत’ ही घोषणा घरोघरी पोहोचली, पण हे अपवाद तितके पोहोचले नाहीत. त्यामुळे आवारात मोठी इमारत आणि दारावर ‘विद्यापीठ’ ही पाटी पाहून प्रवेश घेतलेल्या कित्येक मुलींच्या पालकांना ऑक्टोबरमध्ये कळते, की आपल्याला काहीच मिळणार नाही. आपल्या मुलीचा प्रवेश कॅपमधून, संलग्नित महाविद्यालयात झाला आहे, तेव्हा ती या अपवादांत येत नाही. तरी वाटपपत्रावर आणि महाविद्यालयाच्या पावतीवर ‘कॅप’ असाच उल्लेख आहे ना, हे एकदा डोळ्यांखालून घाला.

महाविद्यालयाच्या मागणीबाबत बोलायचे, तर ज्या रकमेची माफी आहे ती प्रवेशाच्या वेळी विद्यार्थिनीकडून घेऊ नये, अशा शासनाच्या स्पष्ट सूचना आहेत. महाविद्यालयांची बाजू मी ऐकलेली आहे. शासनाकडून प्रतिपूर्ती उशिरा येते, प्राध्यापकांचे पगार तर दरमहा करावे लागतात, आणि ही अडचण खोटी नाही. पण ती अडचण शासन आणि संस्था यांच्यातली आहे. तिचा भार सव्वा लाख उत्पन्नाच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर टाकणे मला मुळीच मान्य नाही.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्या हातात फारसे काही नसते. एक कोरा कागद घ्या आणि प्राचार्यांच्या नावे साध्या शब्दांत अर्ज लिहा : ‘माझी कन्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आपल्या महाविद्यालयात प्रवेशपात्र ठरली असून, दिनांक ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ती शंभर टक्के शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क सवलतीस पात्र आहे. तरी तिच्याकडून सदर शुल्काची मागणी न करता प्रवेश निश्चित करावा. उर्वरित लागू शुल्क भरण्यास मी तयार आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्या चुकीमुळे नामंजूर झाल्यास शुल्क भरण्याची हमी मी देत आहे.’ खाली सही, तारीख आणि सोबतच्या कागदांची यादी. या अर्जाच्या दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शेवटचे हमीचे वाक्य मुद्दाम घातले आहे. संस्थेला खरी भीती असते ती विद्यार्थी अर्जच भरणार नाही याची, आणि ती भीती दूर झाली की बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो.

तरीही नकार मिळाला, तर तो लेखी मागा. लेखी नकार देण्याची वेळ आली की पुष्कळदा सूर बदलतो. पुण्यात तंत्रशिक्षण विभागाचे विभागीय सहसंचालक कार्यालय आहे. शिक्का मारलेली प्रत घेऊन तिथे तक्रार अर्ज द्या आणि त्याची एक प्रत राज्य सीईटी कक्षाकडेही पाठवा. महाविद्यालयाने सांगितलेला आकडा मंजूर शुल्काइतकाच आहे का, हेही पाहून घ्या. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या अधिनियमानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रत्येक महाविद्यालयाचा मंजूर आकडा त्यांच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतो. त्याहून अधिक रक्कम कोणत्याही नावाखाली मागता येत नाही.

हे सगळे करताना एका गोष्टीचे भान मात्र सोडू नका. कॅपमध्ये जागा मिळाल्यावर महाविद्यालयात हजर होऊन प्रवेश निश्चित करण्याची एक अंतिम तारीख असते आणि ती टळली की जागा जाते. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, निदान दोन-तीन दिवस हाताशी ठेवून पुण्याला जा. विकास शुल्काचे १४,००० रुपये आणि इतर किरकोळ शुल्क बरोबर न्या, कारण माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क त्यात येत नाही. ती रक्कम भरा, पावती घ्या आणि प्रवेशाची ऑनलाइन निश्चिती आपल्यासमोर करून घ्या.

प्रवेश झाला म्हणजे शुल्कमाफी झाली, असे मात्र नाही. माफी प्रत्यक्षात येते ती महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरलेल्या अर्जातून, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतील निम्म्याहून अधिक तक्रारी या टप्प्यावरच्या असतात. म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

अर्ज मुलीने स्वतः भरावा. ती संगणक अभियांत्रिकी शिकणार आहे, तिला ते सहज जमेल. सायबर कॅफेत भरून घेतला तरी वापरकर्ता नाव आणि पासवर्ड तिच्या वहीत लिहिलेला असावा, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो क्रमांक घरचाच असावा. कॅफेवाल्याने स्वतःचा क्रमांक टाकून ठेवला आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो सापडेना, असे प्रसंग वारंवार घडतात. योजना निवडताना इतर मागास बहुजन कल्याण विभागाखालील योजना पाहा. तिथे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती अशा दोन वेगळ्या योजना असतात आणि दोन्हींच्या उत्पन्नाच्या मर्यादा वेगळ्या आहेत. कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही असतो. आपले उत्पन्न पाहता आधी तिची पात्रता तपासा आणि महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाला विचारूनच अर्ज सादर करा.

कागदांपैकी दोन कागदांची लोक हमखास गल्लत करतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात आणि नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब मागास प्रवर्गातील सधन स्तरात (क्रीमिलेयरमध्ये) मोडत नसल्याचा दाखला, उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळते. क्रीमिलेयर ठरवताना शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठीच्या दाखल्यात मात्र सगळे उत्पन्न धरले जाते. त्यामुळे एक कागद आहे म्हणून दुसऱ्याची गरज नाही, असे कुणी सांगितले तर ऐकू नका, दोन्ही लागतात. नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्राची मुदत येत्या ३१ मार्चपर्यंत तरी असली पाहिजे आणि उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. त्याखेरीज जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, कॅपचे वाटपपत्र आणि शुल्काची पावती हे सगळे एका फाइलमध्ये लावून ठेवा. नावाचे स्पेलिंग आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरे, असे असेल तर ते आजच दुरुस्त करायला घ्या. त्या एका अक्षरावर अर्ज अडतो.

सर्वांत जास्त पैसे अडतात ते बँकेच्या टप्प्यावर. पुष्कळ पालक सांगतात, ‘खात्याला आधार जोडलेले आहे, बँकेत केवायसी झाली आहे.’ पण खात्यात आधार क्रमांक नोंदवणे वेगळे आणि शासनाचे थेट लाभ त्या खात्यात यावेत म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत ते खाते आधारशी जोडलेले असणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला आधार सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच खाते अशा रीतीने जोडलेले असते आणि सर्वांत शेवटी जे जोडले, पैसे त्यात जातात. मुलीने पुण्यात गेल्यावर वसतिगृहाच्या सोयीसाठी नवे खाते उघडले आणि तिथे कुठल्याशा अर्जावर संमतीची सही केली, की गावच्या बँकेतले सीडिंग सुटते आणि तिच्या ध्यानीमनीही नसते. मोबाइलचे सिमकार्ड घेताना पेमेंट बँकेचे खाते उघडले गेल्यानेही असे झालेले आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मुलीचा आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला, की कोणत्या बँकेशी सीडिंग आहे आणि ते सुरू आहे का, हे मिनिटभरात दिसते. अर्ज भरण्यापूर्वी ते पाहा आणि पैसे येण्याच्या सुमारास पुन्हा पाहा. शुल्काची रक्कम मुलीच्या खात्यात आली, तर ती महाविद्यालयाची आहे हे लक्षात ठेवून लगेच भरा. घरखर्चात ती एकदा मिसळली, की पुढच्या सत्राला परीक्षेचा अर्ज अडतो आणि मग बोलायला तोंड उरत नाही.

अर्ज सादर झाल्यावर तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि तिथून शासकीय विभागाकडे जातो. यांपैकी कुणालाही एखादा कागद अस्पष्ट वाटला, तर अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो. त्याची सूचना देणारा संदेश कधी येतो, कधी येत नाही. दुरुस्तीची मुदत संपते आणि विद्यार्थी मात्र ‘अर्ज तर केव्हाच भरला’ म्हणून निश्चिंत असतो. मुलीला दर रविवारी लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहण्याची सवय लावा. हे नूतनीकरण दरवर्षी करायचे आहे. चार वर्षांचे शिक्षण म्हणजे चार अर्ज.

आता ज्या खर्चाची खरी तजवीज आपल्याला करायची आहे तो म्हणजे पुण्यात राहण्याचा आणि जेवणाचा. आपल्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राज्यात ७२ शासकीय वसतिगृहे मंजूर आहेत, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक. पुण्यातील मुलींच्या वसतिगृहासाठी सर्वप्रथम अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आणि घरापासून दूर शिकणाऱ्या मुलामुलींना तीतून भोजन, निवास व निर्वाह यांसाठी थेट खात्यात रक्कम मिळते. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपये आहे, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८,०००. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आणि बारावीला किमान ६० टक्के गुण हवेत. आपली मुलगी दोन्ही अटींत बसते. मात्र प्रत्येक जिल्ह्यासाठी ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा असल्याने निवड गुणवत्तेवर होते, म्हणून अर्ज वेळेत जायला हवा. पुण्यातील इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालक कार्यालयात प्रवेशाच्या फेरीतच जाऊन या, म्हणजे एका प्रवासात दोन कामे होतील. (आपल्या गावातील अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. आपल्या ओळखीत कुणी असेल तर अवश्य सांगा.)

हे पैसे हाती येईपर्यंतचे काही महिने निभावायचे आहेत. त्यासाठी कर्ज काढावेच लागले, तर ते राष्ट्रीयीकृत बँकेचे शैक्षणिक कर्ज असावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे अशांना मानांकित संस्थांतील व्यावसायिक शिक्षणासाठी, शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचे व्याज केंद्र शासन भरते, अशी योजना आहे. बँकेत गेल्यावर तिच्याविषयी आपण होऊन विचारा, कारण आपण होऊन सांगणारे अधिकारी थोडे असतात. शेकडा तीन कुठे आणि हे कुठे, हे मी वेगळे सांगायला नको.

बीएस्सीच्या विचाराबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे, की मुलीला मनापासून विज्ञान शाखेतच रस असेल तर तो निर्णय उत्तम आहे आणि तो तिने जरूर घ्यावा. पण ती आपल्याकडे पाहून, शेत वाचावे म्हणून असे म्हणत असेल, तर तिला समोर बसवून वरचा हिशेब दाखवा : पहिल्या वर्षी आपल्याला उभे करायचे आहेत ते १४,००० रुपये आणि सुरुवातीच्या काही महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च, १,३४,००० नव्हेत. तो आकडा पाहिल्यावर ती काय म्हणते, ते मला ऐकायला आवडेल.

राहिला धाकट्याचा प्रश्न. मुलग्यांना ही शंभर टक्के सवलत नाही. इतर मागास प्रवर्गातील मुलाचे कॅपमधून प्रवेश घेतल्यास निम्मे शिक्षण शुल्क माफ होते, म्हणजे याच महाविद्यालयात त्याला ६०,००० रुपये भरावे लागतील. तेव्हा त्याने दोन वाटांकडे लक्ष ठेवावे. एक म्हणजे शासकीय महाविद्यालय, जिथे मूळ शुल्कच कितीतरी कमी असते. दुसरी म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागा. प्रत्येक शाखेच्या प्रवेशक्षमतेवर पाच टक्के जादा जागा या योजनेत असतात, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कोणत्याही प्रवर्गातील विद्यार्थ्याला त्या गुणवत्तेवर मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क माफ होते. कॅपच्या पसंतीक्रमात या जागांचा सांकेतांक वेगळा असतो, त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असते. ते माहीत नसल्याने मुले नेहमीच्या सांकेतांकाचाच पर्याय भरतात आणि चांगले गुण असूनही ही जागा हातची जाते. अर्ज भरताना या योजनेसाठी इच्छुक असल्याचे नोंदवून पसंतीक्रमात तो सांकेतांक वर ठेवायला त्याला आतापासूनच सांगून ठेवा.

आणि त्याच्या जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज याच महिन्यात, त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जाऊ द्या. थोरलीचे वैधता प्रमाणपत्र घरात आहेच. त्याची प्रत आणि आपल्या वडिलांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा सोबत लावला, तर समितीचे काम सोपे होईल आणि पुढच्या जूनमध्ये आपली धावपळ वाचेल.